बिलावर नाव कधी आलं?

बारामतीजवळचं सुपे हे बाजाराचं गाव. १२ मे १८७५ रोजी आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी तिथे जमले आणि दुकानदार-सावकारांवर चालून गेले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरं पेटवली गेली. पण जमावाला मुख्यतः हव्या होत्या खातेवह्या आणि कर्जरोखे. जे हाती लागलं ते त्यांनी जाळलं. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोचलं.

शाळेत हे प्रकरण ‘दख्खनचे दंगे’ म्हणून कर्जबाजारीपणाच्या धड्यात येतं, आणि ते योग्यच आहे. पण मी सॉफ्टवेअर लिहितो आणि माझ्या दिवसाचा बराचसा वेळ डेटाबेसमध्ये जातो. त्यामुळे मला त्यात अजून एक गोष्ट दिसते. शेतकऱ्याबद्दलची नोंद त्या वहीत होती, पण वही त्याच्या ताब्यात नव्हती आणि बहुतेकांना ती वाचताही येत नव्हती. परतफेडीची पावती मिळत नाही, रोख्यात खोटे आकडे घातले जातात, अशा तक्रारी होत्या. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला. इतर अनेक तरतुदींबरोबर त्यात शेतकऱ्याला तीन साधे हक्क मिळाले: भरलेल्या पैशांची लेखी पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा आणि तो पासबुकात उतरवून घेण्याचा. ज्याच्या नावाची वही, त्याला ती दिसली पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे कायद्यात येऊन आता जवळजवळ दीडशे वर्षं झाली.

आज दुकानाच्या काउंटरवर ‘नंबर सांगा’ असं म्हणतात तेव्हा अशीच एक वही उघडलेली असते. ती कशी तयार झाली, हे मला या लेखात बघायचं आहे. डेटाबेसमध्ये ‘जॉइन’ नावाची एक क्रिया असते. समजा दोन तक्ते आहेत. एकात बिलं आहेत, दुसऱ्यात माणसं. दोन्हींत सामाईक असा एक रकाना असेल, तर ते जोडता येतात. त्या रकान्याला ‘की’ म्हणतात, म्हणजे किल्लीच. किल्ली नसेल तर बिलं नुसती बिलं राहतात. ‘कोणीतरी दोन साबण आणि एक ब्रेड नेला,’ एवढंच त्यांच्यावरून कळतं. दुकानदारीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा एका अर्थाने या किल्लीचा शोध आहे.

गल्ल्यावरचा पहारा

योगायोग असा, की त्याच १८७९ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात जेम्स रिटी नावाच्या माणसाने एका यंत्राचं पेटंट घेतलं. रिटीचा बार होता आणि नोकर गल्ल्यातून पैसे मारतात असा त्याचा संशय होता. युरोपला जाताना जहाजावर त्याने पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं, आणि फेरे मोजता येतात तर विक्री का मोजता येणार नाही, असं त्याला वाटलं. त्याच्या यंत्राचं नाव होतं ‘इनकरप्टिबल कॅशियर’, म्हणजे लाच न खाणारा कॅशियर. जगातलं हे पहिलं कॅश रजिस्टर. पुढे जॉन पॅटरसनने हा धंदा विकत घेऊन एनसीआर कंपनी उभी केली.

या यंत्राची नजर होती ती काउंटरच्या आतल्या माणसावर. ग्राहक कोण, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

मग ग्राहकाला पुन्हा दुकानात कसं आणायचं? याचंही उत्तर तेव्हाच सापडलं होतं, आणि तेही नाव न विचारता. १८९६ मध्ये अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन कंपनीने ‘ग्रीन स्टॅम्प’ सुरू केले. खरेदीच्या प्रमाणात दुकानदार छोटी तिकिटं द्यायचा. घरी नेऊन ती पुस्तिकेत चिकटवायची, पुस्तिका भरल्या की त्या देऊन वस्तू घ्यायची. ब्रिटनमध्ये ‘ग्रीन शील्ड स्टॅम्प’ याच चालीवर चालले आणि टेस्कोनेही १९६३ पासून १९७७ पर्यंत ते दिले. ग्राहकाला बक्षीस मिळायचं, तो परत यायचा. तिकीट कोणी चिकटवलं हे दुकानाला कळायचं कारण नव्हतं. आज पॉइंट्स हवे असतील तर ओळख द्यावीच लागेल असं आपण गृहीत धरतो. पण जवळजवळ शंभर वर्षं पॉइंट्स निनावीच होते.

बारा आकडे

डेटनपासून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर ट्रॉय नावाचं गाव आहे. २६ जून १९७४ च्या सकाळी तिथल्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं एक पाकीट काचेवरून सरकवलं गेलं. किंमत ६७ सेंट. बारकोड वाचून विकली गेलेली ती पहिली वस्तू. यंत्रणा बसवली होती त्याच एनसीआरने.

बारकोडची कल्पना त्याहून पंचवीस वर्षं जुनी. नॉर्मन जोसेफ वुडलंड लहानपणी बॉय स्काउटमध्ये मोर्स कोड शिकला होता. मायामीच्या किनाऱ्यावर बसून त्याने वाळूत बोटांनी मोर्सचे ठिपके आणि रेघा खाली ओढल्या आणि त्यांतून जाड-बारीक उभ्या रेषा तयार झाल्या, ही गोष्ट त्याने स्वतः सांगितली आहे. बर्नार्ड सिल्व्हरबरोबर त्याने घेतलेलं पेटंट १९५२ चं.

अमेरिकी किराणा उद्योगाने १९७३ मध्ये स्वीकारलेल्या बारकोडात बारा आकडे असतात. पहिला वर्गाचा, पाच उत्पादकाचे, पाच वस्तूचे आणि शेवटचा एक तपासणीचा, म्हणजे आधीचे अकरा बरोबर वाचले गेले का हे पडताळणारा. त्यात किंमतसुद्धा नसते. ती दुकानाच्या संगणकातून काढली जाते. त्या काळी ग्राहक संघटनांनी बारकोडला विरोध केला तो याच कारणासाठी. वस्तूवरची किंमतीची चिठ्ठी गेली तर फसवणूक कशी पकडणार, असा त्यांचा प्रश्न होता, आणि मिशिगनसारख्या राज्यांनी प्रत्येक वस्तूवर किंमत छापण्याची सक्ती करणारे कायदे केले. त्या बारा आकड्यांत माणसासाठी एकही जागा नाही. काय, किती, कधी विकलं हे आता अचूक कळू लागलं. ‘कोणाला’ हा रकाना मात्र रिकामाच होता.

न्यायाधीशाच्या १४६ कॅसेट्स

एका धंद्यात तो रकाना आधीपासून भरलेला होता: व्हिडिओ लायब्ररी. कॅसेट परत आणायची असते, म्हणून नाव-पत्ता लिहून घ्यावाच लागतो.

जुलै १९८७ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी रॉबर्ट बोर्क यांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी पुढे केलं. अमेरिकी संविधानात खासगीपणाचा सर्वसाधारण हक्क नाही, असं बोर्क यांचं मत होतं. विवाहित जोडप्यांना संततिनियमनाची साधनं वापरू देणारा १९६५ चा ‘ग्रिसवोल्ड’ निकालही त्यांना पटत नव्हता. नागरिकाला खासगीपणा मिळेल तो विधिमंडळाने कायदा करून दिला तेवढाच, अशी त्यांची भूमिका होती. मायकल डोलन नावाचा पत्रकार वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या व्हिडिओ लायब्ररीत गेला आणि तिथल्या कर्मचाऱ्याकडून बोर्क कुटुंबाने नेलेल्या चित्रपटांची यादी घेऊन आला. एकूण १४६ नावं. सप्टेंबर १९८७ मध्ये ‘वॉशिंग्टन सिटी पेपर’ने त्यावर लेख छापला.

यादीत लाजिरवाणं असं काहीही नव्हतं. हिचकॉक होता, जुने विनोदी चित्रपट होते. तरीही संसदेत खळबळ उडाली. बोर्क यांचे विरोधक आणि समर्थक या एका मुद्द्यावर एकत्र आले, कारण प्रत्येकाच्या घरी कॅसेट्स येत होत्या. सिनेटने बोर्क यांना ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारलं त्याची कारणं वेगळी होती. पण नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘व्हिडिओ प्रायव्हसी प्रोटेक्शन ॲक्ट’ झाला. कोणी कोणती कॅसेट नेली हे उघड केलं तर किमान २,५०० डॉलरची भरपाई. विधेयकाच्या मूळ मसुद्यात ग्रंथालयातली पुस्तकंही होती, ती वगळली गेली. किराणा आणि औषधं तर मसुद्यातसुद्धा नव्हती.

मला या प्रकरणात जाणवतं ते असं: यादीत लपवण्यासारखं काही नसतानाही माणसाला उघडं पडल्यासारखं वाटतं. ‘माझ्याकडे लपवायला काय आहे’ हा युक्तिवाद सत्तेतल्या लोकांनी स्वतःच्या बाबतीत एका वर्षात सोडून दिला.

टेस्कोचं कार्ड

१९९० च्या दशकात संगणक आणि साठवण स्वस्त होत गेली, आणि सुपरमार्केटला किल्ली हवी होती. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह हम्बी आणि एडविना डन या जोडप्याची डनहम्बी नावाची छोटी कंपनी होती. टेस्कोने त्यांना कार्डाच्या चाचणीचे आकडे तपासायला दिले. त्यांचं सादरीकरण ऐकून अध्यक्ष इयन मॅकलॉरिन म्हणाले, की मला तीस वर्षांत माझ्या ग्राहकांबद्दल जे कळलं नाही ते तुम्हाला तीन महिन्यांत कळलं, याची मला भीती वाटते. हे वाक्य पुढे त्या धंद्यात कौतुक म्हणून सांगितलं गेलं. भीतीचा शब्द मूळ वाक्यातच आहे, तो मात्र सहसा ऐकू येत नाही.

फेब्रुवारी १९९५ मध्ये क्लबकार्ड देशभर सुरू झालं. ग्राहकाला खर्चाच्या साधारण एक टक्का परत मिळायचा आणि टेस्कोला प्रत्येक बिलाखाली एक कार्ड नंबर. प्रतिस्पर्धी सेन्सबरीच्या डेव्हिड सेन्सबरी यांनी याला ‘इलेक्ट्रॉनिक ग्रीन शील्ड स्टॅम्प’ म्हणून उडवून लावलं. त्याच वर्षी टेस्को त्यांना मागे टाकून ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं किराणा दुकान बनलं आणि १९९६ मध्ये सेन्सबरीलाही आपलं कार्ड आणावं लागलं. त्यांची चूक नेमकी कुठे झाली? त्यांनी बक्षीस पाहिलं, जॉइन पाहिला नाही. तिकिटाने ग्राहक परत यायचा; कार्डाने तो गेल्या वेळी काय घेऊन गेला होता हेही आठवणीत राहायचं.

त्यापुढची पायरी म्हणजे न सांगितलेलं ओळखणं. अमेरिकेतल्या टार्गेट या साखळी दुकानाने २००२ मध्ये अँड्र्यू पोल या संख्याशास्त्रज्ञाला नोकरी दिली. फेब्रुवारी २०१२ मध्ये चार्ल्स डुहिगने ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये त्याच्या कामावर लिहिलं: सुमारे पंचवीस वस्तूंच्या खरेदीवरून, म्हणजे बिनवासाचं लोशन, कॅल्शियम आणि झिंकच्या गोळ्या अशांवरून, ग्राहक गरोदर असण्याची शक्यता काढली जात होती. त्या लेखातला मुलीच्या वडिलांचा किस्सा जगभर फिरला. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं वर्णन. बायकांना हे खटकतं असं लक्षात आल्यावर कंपनीने बाळाच्या वस्तूंची कूपनं गवत कापायच्या यंत्राशेजारी छापायला सुरुवात केली, म्हणजे ती सहज आल्यासारखी वाटावीत. अंदाज बांधणं चालूच राहिलं. तो बांधला आहे हे तेवढं लपवलं गेलं.

नाव काढून टाकलं तर?

आमच्या क्षेत्रात यावर एक ठरलेलं उत्तर असतं: ‘डेटा निनावी केलाय.’ ते किती टिकतं याची परीक्षा झाली आहे.

२००६ मध्ये नेटफ्लिक्सने एक स्पर्धा जाहीर केली. चित्रपट सुचवणारा आमचा प्रोग्राम दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा आणि दहा लाख डॉलर न्या. त्यासाठी त्यांनी सुमारे ४,८०,००० ग्राहकांनी दिलेली दहा कोटींहून अधिक रेटिंग्ज नावं काढून खुली केली. टेक्सास विद्यापीठातले अरविंद नारायणन, जे आयआयटी मद्रासला शिकले, आणि विताली श्मातिकोव यांनी २००८ च्या शोधनिबंधात दाखवलं, की एखाद्या ग्राहकाची आठ रेटिंग्ज माहीत असतील, त्यातली दोन चुकीची असली आणि तारखा दोन आठवड्यांपर्यंत मागेपुढे झाल्या तरी, ९९ टक्के नोंदी एकमेव म्हणून ओळखू येतात. आयएमडीबी या साइटवर लोकांनी उघडपणे दिलेल्या रेटिंग्जशी जुळवून त्यांनी काही जणांच्या नोंदी शोधूनही दाखवल्या. डिसेंबर २००९ मध्ये नेटफ्लिक्सवर खटला भरला गेला तो बोर्क प्रकरणातून जन्मलेल्या त्याच १९८८ च्या कायद्याखाली. मार्च २०१० मध्ये कंपनीने दुसरी स्पर्धा रद्द केली.

चित्रपटांची आवडनिवड तरी वैयक्तिक असते. पण २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात इव्ह-अलेक्झांडर द मोंजुआ आणि सहकाऱ्यांनी ११ लाख लोकांचे तीन महिन्यांचे क्रेडिट कार्ड व्यवहार तपासले. नाव नाही, कार्ड नंबर नाही, काय घेतलं तेही नाही. फक्त कोणत्या दुकानात आणि कोणत्या दिवशी. अशा चार नोंदी कळल्या की ९० टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. म्हणजे नावाचा रकाना पुसला तरी आपल्या रोजच्या फेऱ्याच किल्लीचं काम करतात.

आपला दहा आकडी नंबर

आता आपल्याकडे. टेस्कोला किल्ली बनवावी लागली: कार्ड छापा, वाटा, लोकांनी ते खिशात ठेवावं म्हणून बक्षीस द्या. शिवाय ते कार्ड टेस्कोबाहेर निरुपयोगी होतं. आपल्याकडे किल्ली तयारच होती. मोबाइल नंबर बँकेत आहे, गॅसच्या नोंदणीत आहे, जेवण मागवायच्या ॲपमध्ये आहे आणि मेडिकलमध्येही आहे. २०११ पासून कंपनी बदलली तरी नंबर ठेवता येतो, त्यामुळे तो अनेकांना आयुष्यभर पुरतो. वेगवेगळ्या दुकानांच्या वह्या एकमेकींना जोडायला यापेक्षा सोयीचा रकाना मला तरी बनवता आला नसता. यूपीआयमुळे कुठे, कधी आणि किती हे नोंदलं जातं. काय घेतलं हे दुकानाच्या संगणकात असतं. आणि काउंटरवर मोठ्याने सांगितलेला नंबर या दोन्हींमध्ये पूल बांधतो. शिवाय तो मागच्या रांगेलाही ऐकू जातो. अनेक मुली नंबर सांगायला का कचरतात, हे वेगळं सांगायला नको.

यावर नेहमी एक प्रश्न येतो: गल्लीतल्या वाण्याला तरी सगळं माहीतच होतं ना? होतं. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा पगार लांबलाय, हे उधारीच्या वहीवरून कळायचं, आणि त्याची चर्चाही व्हायची. ती वही काही निष्पाप नव्हती. सुप्याचे लोक उगाच पेटले नव्हते. पण वाण्याच्या वहीची एकच प्रत असायची. ती मेडिकलच्या वहीशी जुळवता येत नसे. उधारी फिटली की पान संपायचं. आणि वाणी आपल्याला जेवढा ओळखायचा तेवढंच आपणही त्याला ओळखायचो. नव्या वहीत यातलं काहीच उरलेलं नाही.

बोर्क यांच्यासारखाच युक्तिवाद आपल्या सरकारनेही केला होता: खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात तो एकमताने फेटाळला. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने दुकानदारांना सांगितलं, की नंबर दिला नाही म्हणून ग्राहकाला अडवू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. संमती मोकळेपणाने दिलेली आणि विनाअट हवी, ती ठरावीक कामापुरतीच हवी, सूचना मराठीतही मागता यायला हवी, आणि आपली कोणती माहिती कशासाठी वापरली जाते हे विचारता यायला हवं, असं हा कायदा म्हणतो. शेवटचा हक्क वाचताना मला १८७९ चं पासबुक आठवलं.

कायद्याच्या सातव्या कलमात एक उदाहरण दिलं आहे. एक बाई मेडिकलमधून खरेदी करते आणि पैसे मिळाल्याची पावती मोबाइलवर पाठवा म्हणून स्वतःहून आपली माहिती देते. दुकान ती माहिती पावती पाठवण्यासाठी वापरू शकतं. उदाहरण तिथेच संपतं. तिने कोणत्या गोळ्या घेतल्या, किती महिने घेतल्या, त्यावरून तिला कोणता आजार असावा, हे त्यात येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी काउंटरवर नंबर मागितला तर ‘कशासाठी?’ एवढं विचारायला हरकत नाही. उत्तर ‘पावतीसाठी’ असेल, तर कागदावरची पावती चालेल असं सांगता येतं.